अंधार आता मदतीला येणार नाही

प्रिय मित्रा,

तुझ्या विनोदी सिनेमाचं 12 दिवसांचं शूटिंग शेड्यूल पाहिलं. भयपटाच्या सवयीने आखलंयस, म्हणून लिहितोय.

भयपटात भिंतीचे पोपडे, उसनं फर्निचर, चार माणसांची ‘गर्दी’ हे सगळं काळोखात खपून जायचं. विनोदात चेहरा दिसावाच लागतो, आणि त्यामागची भिंतही. म्हणून आधी लोकेशन्स कमी कर. एक घर, एक दुकान, बस्स. पात्रं खिडकीजवळ बसव, समोरून थर्माकोलने उजेड परतव. भयपटाच्या सवयीने हात आपोआप खालून लाइट मारेल, त्याला आवर.

कमी खर्चात सिनेमे काढणारा अमेरिकन दिग्दर्शक रॉजर कॉर्मन, त्याने ‘द लिटल शॉप ऑफ हॉरर्स’ (1960) हा विनोदी भयपट मुख्यतः दोन दिवस आणि एका रात्रीत उरकला, तोही आधीच उभ्या असलेल्या सेटवर. लोक त्यातले ‘दोन दिवस’ तेवढे उचलतात. शूटिंगआधी झालेली तालीम आणि एकदम दोन कॅमेरे लावून घेतलेले लांब मास्टर (अख्खा प्रसंग सलग टिपणारे शॉट) कोणी सांगत नाही. तूही तीन दिवस तालमीला दे, खऱ्या कपबश्या आणि खऱ्या दारासकट. त्यासाठी शूटिंगचा एक दिवस गेला तरी चालेल.

दुसरा कॅमेरा ऐकणाऱ्यावर लाव. हशा बहुधा बोलणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्याच्या तोंडावर पिकतो, आणि नटाने ऐनवेळी घातलेली पुस्ती त्याच टेकमध्ये दोन्हीकडून मिळते. वेगवेगळं शूट केलंस तर ती पुन्हा तशी येत नाही. मात्र दोन्ही कॅमेरे पात्रांच्या एकाच बाजूला ठेव आणि त्यांच्यात 30 अंशांहून कमी कोन नको, नाहीतर एका शॉटवरून दुसऱ्यावर जाताना चित्र उडी मारतं. वाइड फ्रेममुळे बूम (काठीला लावलेला माइक) वर जाईल, आवाज पोकळ होईल. तेव्हा लेपल, म्हणजे कपड्यांना लावायचा छोटा माइक, हवाच. कपडे सुती घे, नायलॉन माइकवर खसखसतं.

आवाजात काटकसर करू नकोस. किंकाळी डबिंगमध्ये पुन्हा मारता येते, पण संवादाचा ठेका स्टुडिओत पुन्हा जुळवणं फार अवघड. पंखा बंद, फ्रिज बंद (गाडीची किल्ली फ्रिजमध्येच ठेव, म्हणजे निघताना तो चालू करायची आठवण राहते). प्रत्येक खोलीचा रिकामा आवाज, कोणी बोलत नसतानाचा, 30 सेकंद घे.

पंचनंतर (हशा पिकवणाऱ्या ओळीनंतर) लगेच ‘कट’ म्हणू नकोस, दोन सेकंद थांब. युनिट हसून टेक घालवणार असेल तर मॉनिटर दुसऱ्या खोलीत ने. आणि आठव्या टेकला कोणी हसेनासं झालं म्हणून ओळ बदलू नकोस. विनोद तोच आहे, शिळा झालाय फक्त युनिटला. पहिल्या वाचनात लोक कुठे हसले त्याच्या खुणा कंटिन्युइटीच्या प्रतीवर (सेटवर नोंदी ठेवायच्या स्क्रिप्टवर) हव्यात, त्या वेळी त्याच बघायच्या.

रफ कट (सिनेमाची पहिली कच्ची जोडणी) संगीताशिवाय दहा-पंधरा अनोळखी माणसांना दाखव आणि खोलीतला आवाज रेकॉर्ड कर. तो एडिटिंगच्या टाइमलाइनवर चित्राखाली लावलास की पुढची ओळ कुठे हशात बुडते ते दिसेल. तिथे 10-12 फ्रेम (जेमतेम अर्धा सेकंद) वाढव. जिथे कोणीच हसलं नाही, तिथे विनोदी म्युझिक टाकायचा मोह होईल. ते न करता तो तुकडा काढून बघ आणि मगच मला कट पाठव.

तुझा,
दादा