चेहरे पुष्कळ झाले, आता एक पात्र

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगी वेंगुर्ल्यात बारावी कॉमर्सला आहे. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत टॅबवर माणसं काढते, इन्स्टाग्रामवर टाकते, आणि आता पुण्याच्या एका खासगी संस्थेत ॲनिमेशन शिकायचं म्हणते. फीसाठी कर्ज काढावं लागेल आणि इकडे होडीचं इंजिन बदलायला झालंय. ‘चित्रं काढून पोट भरतं का?’ असं तुम्ही विचारलंय.

भरतं. पण कर्जाचं आज ठरवू नका.

तुम्ही पाठवलेली चाळीस चित्रं पाहिली. पोरीचा हात खरंच चांगला आहे. बोटं काढताना भलेभले अडखळतात, तिची बोटं जिवंत वाटतात. पण चाळीस चित्रांत चाळीस वेगळी माणसं आहेत आणि बहुतेकांचे डोळे जपानी ॲनिमेतले. कॅरेक्टर डिझाइनमध्ये, म्हणजे ॲनिमेशनसाठी पात्र घडवताना, एकच माणूस समोरून, बाजूने, पाठमोरा, रडताना, धावताना तोच वाटावा लागतो. स्टुडिओत त्याचं मॉडेल शीट, म्हणजे या सगळ्या बाजू एकत्र दाखवणारा तक्ता, बनवतात, कारण पुढे ते पात्र अनेक हातांनी रेखाटलं जातं. शिवाय पडद्यावर सेकंदाला 24 फ्रेम, म्हणजे स्थिर चौकटी, लागतात. एक चित्र दोन फ्रेम चालवलं तरी 12 चित्रं झाली. तिच्या राजकन्येच्या गळ्यातले सगळे हार सेकंदाला बारा वेळा काढून पाहा म्हणावं, मग साधेपणा का लागतो ते तिचं तिलाच कळेल.

हे शिकायला आधी पुण्याला कशाला जायचं? कुडाळजवळच्या पिंगुळीला तिला घेऊन जा. तिथले ठाकर कलावंत चित्रकथीची पोथी एकेक पान दाखवत सांगतात. पानं बदलतात, प्रसंग बदलतो, पण पात्र लगेच ओळखू येतं. चामड्याच्या बाहुल्यांची तर पडद्यावर सावली पडते, त्यामुळे बाह्याकृती चुकली की पात्रच हरवलं. याच कलेसाठी परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री जाहीर झाली. तिने तिथे नुसतं बघून येऊ नये, वही घेऊन बसावं. जत्रेतल्या दशावताराचंही तेच. त्यातला संकासुर राक्षस आला की शेवटच्या रांगेतलं पोरही त्याला ओळखतं. का ओळखतं, ते तिने काढून बघावं.

मग तिने मासळी बाजारातली एक ओळखीची मावशी निवडावी आणि तिच्यावरून एकच पात्र वीस पानांवर काढावं. भाव करताना, पाटी उचलताना, पावसात आडोशाला उभी असताना, नातवावर ओरडताना. आधी मावशीला विचारावं, आणि झालेली चित्रं तिला दाखवावीत.

इन्स्टाग्राम बंद करायला लावू नका. फक्त दुसऱ्यांच्या पात्रांची चित्रं आणि स्वतःची पात्रं वेगळी ठेवावीत, कच्ची रेखाटनंही टाकावीत. काम देणारा माणूस ती बघूनच विचार कसा चाललाय ते जोखतो. मूळ फाइल कुणाला देऊ नये. कुणी ऑर्डर दिली तर निम्मे पैसे आधी.

अहमदाबादच्या एनआयडीत, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, ॲनिमेशन फिल्म डिझाइन शिकवतात, त्यासाठी डॅट ही प्रवेश परीक्षा असते. आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागातल्या बी.डेस. या पदवीसाठी युसीड ही परीक्षा. दोन्हींना कॉमर्स चालतं. अर्ज परीक्षेच्या काही महिने आधी भरावे लागतात, तेव्हा ऑक्टोबरपासूनच संकेतस्थळं बघत राहा. स्पर्धा कडक आहे, हे तिलाही सांगा. खासगी संस्थेत जायचंच झालं, तर माहितीपुस्तक बाजूला ठेवून दुसऱ्या वर्षाच्या मुलांचं काम मागा. दाखवायला टाळाटाळ केली तर तिथून परत या. सरावाला चित्रं काढायचं क्रिटा आणि ॲनिमेशनचं ब्लेंडर ही सॉफ्टवेअर फुकट मिळतात, नवं काही विकत घेऊ नका.

वीस पानं झाली की फोटो काढून पाठवा. यजमानांनाही दाखवा, आणि नाव न सांगता ‘ही कोण?’ असं विचारा. त्यांनी मावशीला ओळखलं की मला कळवा, कर्जाचं तेव्हा बोलू.