लांबच्या रपेटीत घोड्याने केव्हा खावे?

प्रश्न : माझी घोडी आठ वर्षांची असून स्वभावाने शांत आहे. मात्र चार-पाच तासांच्या रपेटीला निघाले की वाटेकडेचे गवत दिसताच ती मान खाली घालते आणि लगाम हातातून हिसकावून घेते. मी खेचून तिचे तोंड वर आणते. दहा पावलांवर पुन्हा तेच. वाटेत घोड्याला तोंड लावू देऊच नये, असे एक जाणकार सांगतात, तर एवढा वेळ उपाशी ठेवणे घातक आहे, असे दुसऱ्यांचे म्हणणे आहे. मी कोणाचे ऐकावे? आणि खाण्याची वेळ घोडीला शिकवता येते का?

उत्तर : खाऊ द्यावे, हे दुसऱ्या जाणकारांचे म्हणणे योग्य आहे, केव्हा खायचे ते मात्र तुम्ही ठरवावे, आणि ते तिला निश्चितपणे शिकवता येते.

आधी तिची बाजू समजून घेऊ. मोकळा सोडलेला घोडा दिवसाचे सोळा-सतरा तास चरण्यात घालवतो, कारण त्याच्या पोटाची घडणच तशी आहे. जठर शरीराच्या मानाने लहान, साधारण ८ ते १५ लिटरचे असते, आणि त्यात अन्न असो वा नसो, आम्ल सतत पाझरत राहते. ते आम्ल सौम्य करणारी लाळ घोडा चावत असतानाच सुटते. जठराच्या वरच्या भागाला खालच्या भागासारखे संरक्षक आवरण नसते. त्यामुळे रिकाम्या पोटी दुडक्या चालीने पळताना पोटावर दाब येऊन आम्ल वर उसळते आणि तिथे व्रण होण्याचा धोका वाढतो. पोटात चावलेल्या गवताचा थर असला, तर हे उसळणे बरेच कमी होते. म्हणून निघण्यापूर्वी अर्धा तास तिला थोडी वैरण अवश्य द्यावी. दाण्याची चंदी मात्र कष्टाच्या आधी लगेच देऊ नये. थोडक्यात, गवताकडे ओढ घेणारी तुमची घोडी हट्टी नाही. तिला खरोखरच खाण्याची गरज आहे.

मग बिघडते कुठे? दहा वेळा हिसका देऊन तिला दोनदा जरी गवत मिळाले, तरी हिसका देण्याची सवय पक्की होते. अधूनमधून मिळणाऱ्या फळाने लागलेली सवय तर सर्वांत चिवट असते. शिवाय लगाम सरळ वर खेचण्यात तिच्या मानेच्या बळापुढे तुमच्या हातांचा निभाव लागत नाही, आणि कडियाळ्याच्या, म्हणजे लगामाला जोडलेल्या तोंडातल्या लोखंडी दांडीच्या, ओढीने तिचे तोंड मात्र दुखावते किंवा हळूहळू बधिर होते.

शिकवण्याची सुरुवात रपेटीत न करता ओळखीच्या, गवत असलेल्या जागी करावी. घोडी थांबवा. ती मान सरळ ठेवून क्षणभर स्वस्थ उभी राहिली की लगाम सैल सोडा, पुढे वाकून तिच्या मानेवर एका ठरावीक जागी हात ठेवा आणि ‘चर’ असा एकच शब्द म्हणा. ती मागत असताना परवानगी देऊ नका. तिने मागणे थांबवल्यावर द्या. सगळ्या शिकवणुकीत मी याच गोष्टीला सर्वाधिक महत्त्व देतो. दोन-तीन मिनिटे तिला निवांत चरू द्या, मग लगाम अलगद गोळा करून ‘चल’ म्हणा आणि दोन्ही पायांनी पुढे जाण्याची खूण करा. वर ओढू नका. पाय पुढे पडू लागले की मान आपोआप वर येते, आणि ती येताक्षणी हात मऊ करा. थोडे चालून पुन्हा थांबा आणि पुन्हा परवानगी द्या, म्हणजे मान वर उचलली की खाणे कायमचे संपते, असे तिला वाटणार नाही.

वाटेवर तिचे कान पाहत राहा. मान खाली जाण्याच्या क्षणभर आधी कान गवताच्या दिशेने रोखले जातात, पाऊल किंचित मंदावते आणि लगामावर हलकी ओढ जाणवते. नेमक्या त्याच क्षणी पायांनी पुढे काढा. मान खाली गेल्यानंतरचा उपाय नेहमीच उशिराचा ठरतो. तिच्यावर दुसरे कोणी बसत असेल, तर त्यांनीही हाच शब्द आणि हीच खूण वापरावी. सोबत इतर स्वार असतील, तर सर्वांनी एकदमच थांबावे. शेजारचा घोडा चरत असताना तुमच्या घोडीने संयम राखावा, अशी अपेक्षा सुरुवातीला करू नये.

साधारण तासा-दीड तासाने पाच-दहा मिनिटांची विश्रांती पुरते. चढणीनंतर तिला धाप लागली असेल, तर श्वास शांत झाल्यावरच खाऊ द्या, कारण घाईने गिळलेला घास अन्ननलिकेत अडकू शकतो. लांब गवत कडियाळ्याभोवती गुंडाळले जाते, म्हणून मोठ्या थांब्यावर कडियाळे काढून घोडीला मोहरकीवर, म्हणजे तोंडात दांडी नसलेल्या डोक्यावरच्या साध्या बंधावर, ठेवणे उत्तम. लगाम जमिनीवर लोंबू देऊ नये, त्यात तिचा पाय अडकतो. थांबण्याची जागाही पारखून घ्या. घोड्याला उलटी होत नाही, त्यामुळे कण्हेरीसारखी विषारी पाने किंवा तणनाशक फवारलेले गवत एकदा पोटात गेले की परत येत नाही. पूर्वी खुरांना सूज येऊन गेलेल्या घोड्याला हिरव्यागार, कोवळ्या गवतावर किती सोडावे, हे पशुवैद्याला विचारूनच ठरवावे.

ही शिस्त बसली की तुम्हाला तिच्या प्रकृतीचा अंदाजही घेता येईल. ‘चर’ म्हणताच एरवी उत्सुकतेने मान खाली घालणारी घोडी अर्ध्या वाटेवर गवताला तोंड लावीनाशी झाली, तर तो आज्ञाधारकपणा समजू नका; अतिश्रम, शरीरातले पाणी कमी होणे किंवा पोटशूळ यांची ती पहिली खूण असू शकते. अशा वेळी खाली उतरा, खोगिराचा पट्टा सैल करा, तिला सावलीत नेऊन पाणी दाखवा आणि दोन्ही कुशींना कान लावून आतड्यांचा आवाज ऐका. आवाज अगदी मंद असेल किंवा येतच नसेल, ती पुन्हापुन्हा कुशीकडे वळून पाहत असेल किंवा जमिनीवर लोळण घेऊ पाहत असेल, तर रपेट तिथेच थांबवून पशुवैद्याला बोलवावे.