सगळ्यांचा मोबाइल नंबर २१४७४८३६४७ कसा?

तुम्ही विचारलंय की द्राक्ष बागायतदारांची यादी मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये चढवली आणि दर नावापुढे २१४७४८३६४७ हाच मोबाइल नंबर आला, तर हा नंबर आहे तरी कुणाचा?

कुणाचाच नाही. तुम्ही कॉलम ‘इंट’, म्हणजे पूर्णांकाचा, ठेवलाय. त्यात ३२ बिट, म्हणजे ० किंवा १ ची घरं, असतात, एक चिन्हाला जातो. उरलेल्या ३१ घरांत १ मांडला की हीच संख्या होते: २ चा ३१ वा घात, वजा १. आपले मोबाइल नंबर ६ ते ९ ने सुरू होतात, म्हणजे झाडून सगळे हिच्याहून मोठे. पायली भरली की वरचं सांडतं, तसं झालं. स्ट्रिक्ट मोड, म्हणजे न मावणारी नोंद नाकारणारी कडक तपासणी, बंद असला की बोंबही होत नाही.

पण संख्या मोठी झकास आहे हो. ही मूळ संख्या आहे, आणि गणितज्ञ ऑयलरने १७७२ मध्ये ते दाखवलं, तेही दृष्टी जवळपास गेलेली असताना. सरळ तपासायचं तर हिच्या वर्गमुळापर्यंत, म्हणजे ४६,३४० पर्यंतच्या ४,७९२ मूळ संख्यांनी भागून बघावं लागतं. ऑयलरने ओळखलं की हिला मूळ विभाजक असलाच, तर त्याला २४८ ने भागून बाकी १ किंवा ६३ च उरणार. असे उमेदवार पावणेचारशेच्या आत. त्यातही ६३, २४९, ४९७, ५५९ स्वतःच फुटतात. सुरुवातीला खरा उरतो ३११. भागून बघा, बाकी ३५. पाऊणशे वर्षांहून जास्त काळ हिच्याहून मोठी मूळ संख्या कुणाला माहीत नव्हती.

मी देवळालीचा, त्यामुळे आमच्या देवळालीचे गणिती शिक्षक कापरेकर मास्तर यांची कसोटी लावल्याशिवाय राहवेना. एखादी संख्या अधिक तिच्याच अंकांची बेरीज असं करून जी मिळतच नाही, ती स्वयंभू. मास्तर तिला ‘देवळाली संख्या’ही म्हणत. २१ अधिक ३ म्हणजे २४, म्हणून २४ स्वयंभू नाही. ३१ मात्र आहे. मग त्या ३१ व्या घातातून आलेली ही?

संख्येला आणि तिच्या अंकांच्या बेरजेला ९ ने भागलं की बाकी सारखीच उरते. त्या हिशेबाने जनक संख्येच्या अंकांची बेरीज ५, १४, २३, ३२, ४१ अशी नऊ-नऊने वाढणारीच असू शकते. बिलाच्या पाठीवर एकेक वजा करत गेलो. गंमत म्हणजे पाचही वेळा उरलेल्या संख्येच्या अंकांची बेरीज ४१ च आली, आणि पाचव्यांदा तीच हवी होती: २१४७४८३६०६ अधिक ४१. म्हणजे या संख्याबाईंना जनक आहे, स्वयंभू नाहीत. थोडा हिरमुसलोच.

असो. कॉलम ‘व्हारकॅर’, म्हणजे मजकुराचा, करा आणि यादी मूळ एक्सेलवरून पुन्हा चढवा. नुसता कॉलम बदलून जुने नंबर परत येणार नाहीत, आणि एक्सेल उडवली असेल तर वह्या काढून बसा.