वाचकांचे प्रश्न : कोयासानच्या देवळात एकटीने राहावे का?

प्रश्न : सप्रेम नमस्कार. मी मुलुंडला राहते, वय ६१, दोन वर्षांपूर्वी बँकेतून निवृत्त झाले. येत्या ऑक्टोबरात महिनाभर मुलीकडे ओसाकाला जाणार आहे. तिथून जवळच कोयासान नावाच्या डोंगरावर देवळात राहून ध्यान करता येते, असे ती सांगते. इगतपुरीचे १० दिवसांचे विपश्यना शिबिर मी दोनदा केले आहे. तसेच काही तिथे असते का? मी शाकाहारी आहे, डावा गुडघा दुखरा आहे, जपानी येत नाही आणि एकटीनेच जायचे आहे. घरचे म्हणतात, “परक्या देशात, देवळात एकटीने राहायचे काय नडले आहे?” आपण तिथे राहून आल्याचे या सदरात मागे वाचले होते, म्हणून विचारते.

उत्तर : आपला पहिला प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि त्याचे उत्तर ‘नाही’ असे आहे. इगतपुरीच्या धम्मगिरीवर प्रवेश केला की आपला फोन, वही आणि बोलणे हे सगळेच १० दिवसांसाठी जमा होते. पहाटे ४ च्या घंटेपासून रात्री ९.३० पर्यंतचा प्रत्येक तास दुसऱ्या कोणी तरी आखलेला असतो आणि साधकाने फक्त बसायचे असते. कोयासानचा ‘शुकुबो’ म्हणजे यात्रेकरूंच्या मुक्कामासाठी देवळाने चालवलेली जागा. ती आपल्या भक्तनिवासाच्या जवळची आहे, फरक एवढाच की भक्तनिवास सहसा देवळाबाहेर असतो आणि शुकुबोत आपण देवळाच्या आतच झोपतो. तिथे साधारण सायंकाळी ५ पर्यंत पोहोचायचे, ५.३० किंवा ६ ला जेवायचे, मग स्नान, रात्री ९ च्या सुमारास दरवाजा बंद, पहाटे ६ किंवा ६.३० ला गाभाऱ्यातली प्रार्थना आणि त्यानंतर न्याहारी, इतकाच काय तो नियम. अधल्यामधल्या तासांत आपण काय करता, हे कोणीही विचारत नाही. शिबिराची शिस्त मनात धरून गेलेल्या माणसाला ही मोकळीक पहिल्या दिवशी चक्क फसवणूक वाटते. मला तशी वाटली होती.

म्हणून माझा आग्रह असा, की एका रात्रीसाठी जाऊ नये. बहुतेक पर्यटक दुपारी वर येतात आणि दुसऱ्या दिवशी १० च्या आत खाली उतरतात. त्यांचा सगळा वेळ चपला काढण्यात, किमोनोसारखा युकाता नेसण्यात आणि जेवणाचे फोटो काढण्यात जातो. आपण एकाच देवळात सलग दोन, जमल्यास तीन रात्री राहावे. दुसऱ्या दिवशी सकाळी ११ च्या सुमारास, आदल्या रात्रीची मंडळी निघून गेलेली आणि नवी अजून आलेली नाहीत, अशा वेळी अंगणात वाळूवर खराटा फिरवल्याचा जो एकच आवाज येतो, त्यासाठी तो सगळा प्रवास करावा असे मला वाटते.

आता ध्यानाविषयी थोडे सविस्तर सांगते, कारण इथे मराठी माणसाला एक वेगळीच गोष्ट सापडते. कोयासान हे शिंगोन या जपानी बौद्ध पंथाचे मुख्य स्थान आहे. कूकाई नावाचा भिक्षू ८०४ साली चीनला गेला, तिथे त्याने प्रज्ञा नावाच्या भारतीय भिक्षूकडून संस्कृतचे पाठ घेतले, ८०६ साली तो परतला आणि ८१६ मध्ये सम्राटाने त्याला हा डोंगर दिला. या पंथातल्या एका ध्यानपद्धतीचे नाव ‘अजिकान’, म्हणजे ‘अ’ या अक्षराचे ध्यान. समोर एक चित्र टांगलेले असते : पांढरे चंद्रबिंब, त्यात कमळ आणि कमळावर सिद्धम् लिपीतला ‘अ’. आपली नागरी आणि ही सिद्धम् या एकाच घराण्यातल्या लिप्या. पूर्वी आपल्याकडे मुलाला अक्षरे शिकवताना पाटीवर आधी ‘ॐ नमः सिद्धम्’ लिहीत, त्याचाच अपभ्रंश होऊन ‘ओनामा’ हा शब्द आपण आजही सुरुवात या अर्थाने वापरतो. लिपीचे नावही त्याच ‘सिद्धम्’ वरून पडले आहे. अ म्हणजे ज्याला आरंभ नाही ते, अशी या पंथाची धारणा. श्वास सोडताना मंद स्वरात ‘अऽऽ’ म्हणायचे आणि हळूहळू ते अक्षर, मग ते चंद्रबिंब आपल्या छातीत आहे अशी भावना करायची. माझ्या शेजारी बसलेला जर्मन गृहस्थ त्या आकृतीकडे चित्र म्हणून पाहत होता आणि मला ती पहिलीच्या पुस्तकातल्या अननसाच्या ‘अ’ सारखी दिसत होती. बराच वेळ मला हसू आवरेना, आणि मग आवरले.

अजिकानचे वर्ग मुख्य मंदिरात, म्हणजे कोंगोबुजीमध्ये, हंगामात ठरावीक दिवशी भरतात आणि जागा थोड्या असतात. काही शुकुबोंमध्येही ते होतात, कधी इंग्रजीतून सूचना देऊन. खोली ठरवतानाच हे विचारून घ्यावे. गुडघ्याची काळजी करू नये. जपानी पद्धतीने टाचांवर बसण्याची सक्ती नसते, मांडी घातलेली चालते आणि खुर्ची मागितली तर कोणी भुवई उंचावत नाही. मात्र खोलीत चटईवर गादी घालून झोपायचे असते, तेव्हा उठताना आधार लागत असेल तर पलंग असलेली खोली आधीच मागावी. काही ठिकाणी ती मिळते.

आहाराच्या बाबतीत आपण नशीबवान आहात. जपानमध्ये शाकाहारी माणसाचे हाल होतात ते मासे दिसतात म्हणून नव्हे, तर दिसत नाहीत म्हणून : साध्या सूपातही सुकवलेल्या बोनिटो माशाचा अर्क असतो. देवळातल्या ‘शोजिन र्‍योरी’त मासे, मांस तर नसतेच, पण कांदा, लसूण आणि त्यांच्या जातीतले सगळे उग्र कंदही वर्ज्य असतात, अर्क काढायचा तो कोंबू नावाच्या समुद्री शेवाळाचा आणि वाळवलेल्या अळंबीचा. आपला चातुर्मासच म्हणा. माझ्यासमोर लाल लाखेच्या बुटक्या पाटावर सात-आठ वाट्या आल्या. त्यांपैकी एकीत तिळाचे दूध आणि कुझू नावाच्या वेलीच्या मुळाचे सत्त्व घोटून केलेली गोमा-दोफूची वडी होती, खरवसासारखी थरथरणारी पण अजिबात गोड नसलेली. दुसरीत कोया-दोफू, म्हणजे पूर्वी याच डोंगरावरच्या थंडीत करीत तशा गोठवून सुकवलेल्या आणि पुन्हा रसात भिजवलेल्या टोफूचे चौकोन होते. मीठ-तिखट कमी वाटेल. लोणच्याची बाटली काढायचा मोह आवरावा. जैन वाचकांसाठी एवढेच, की मुळा, गाजर, कमळकंद हे सर्रास असतात. आणि भातात काड्या उभ्या खोचू नयेत. तिथे मृताच्या भातात तशा खोचतात, तेव्हा पिंडावर दर्भ ठेवून जेवायला बसल्यासारखे दिसते. युकाताही डावी बाजू वर येईल असाच नेसावा, उजवी बाजू वर फक्त प्रेताची असते.

वेळेबद्दल मात्र मी स्वानुभवाने सांगते. ओसाकाच्या नाम्बा स्थानकातून रेल्वेने सुमारे दीड तासात गोकुराकुबाशी येते. या नावाचा अर्थ ‘सुखावतीचा पूल’, आपल्या भाषेत वैकुंठाचा पूल म्हणा. तिथून ५ मिनिटांची केबल कार आणि पुढे बस. वरच्या स्थानकापासून गावापर्यंतच्या रस्त्यावर पायी जायला मनाई आहे. खाली वाटेत एका लहान स्थानकावर उतरून मी उगाच हिंडत बसले, पुढची गाडी चुकली आणि देवळात पोहोचायला ६.४५ झाले. एका तरुण भिक्षूने कमरेत वाकून माझे स्वागत केले आणि निवालेले ताट तसेच समोर ठेवले. तो एक शब्द बोलला नाही. आपल्याकडे कोणी तरी ओरडले असते आणि मला बरे वाटले असते.

एकट्या स्त्रीच्या प्रश्नाला इतिहासाची बाजू आहे, ती घरच्यांना अवश्य सांगावी. हा डोंगर स्त्रियांना शतकानुशतके बंद होता. डोंगरावर येणाऱ्या सातही वाटांच्या तोंडाशी बांधलेल्या ‘न्योनिन्दो’त, म्हणजे स्त्रियांच्या मठीत थांबून त्या बाहेरूनच नमस्कार करीत. १८७२ मध्ये सरकारने ही बंदी उठवली. सातांपैकी एक मठी आज उभी आहे आणि बस तिच्याजवळूनच जाते. आज तिथे एकट्या स्त्रिया नित्य येतात. खोल्यांना कागदी सरकती दारे असतात आणि सगळीकडे कुलूप असेलच असे नाही, हे आधी माहीत असलेले बरे. मला त्याची भीती वाटली नाही, शेजाऱ्याच्या घोरण्याचा त्रास मात्र झाला. स्नानगृह सामायिक असते, स्त्रियांचे वेगळे. बाहेर बसून अंग स्वच्छ धुवायचे आणि मगच कढत पाण्याच्या हौदात उतरायचे.

राहिले ओकुनोइन, म्हणजे कोयासानचे जुने स्मशान. सुमारे दोन किलोमीटरची वाट, दोन्ही बाजूंना जुने देवदार आणि त्यांच्या खाली दोन लाखांहून अधिक शेवाळलेली स्मारके. सरदारांची आहेत, कंपन्यांची आहेत, आणि वाळवी मारणाऱ्या व्यावसायिकांच्या संघटनेने वाळवीसाठी उभारलेले एकही आहे. (मुंबईत जुन्या लाकडी जिन्याच्या चाळीत राहिलेल्या माणसाला एवढी क्षमाशीलता जमणे अवघड.) वाटेच्या शेवटी कूकाईची समाधी आहे. ८३५ साली तो गेला असे तिथे कोणी म्हणत नाही. तो आत ध्यानस्थ बसला आहे अशी श्रद्धा आहे, आणि रोज सकाळी ६ ला व १०.३० ला भिक्षू लाकडी पेटीतून त्याच्यासाठी जेवण घेऊन जातात. आळंदीला जाऊन आलेल्या आपल्याला संजीवन समाधी समजावून सांगावी लागत नाही. गोब्योबाशी या शेवटच्या पुलापलीकडे फोटो काढत नाहीत. पहाटेच्या नैवेद्याच्या वेळी तिथे उभे राहावे आणि मग तिथल्याच एखाद्या बाकावर, इगतपुरीत शिकलात तसे, श्वासाकडे पाहत बसावे. ऑक्टोबरच्या अखेरीस ८०० मीटर उंचीवर बोटे गारठतात, तेव्हा लोकरीचे मोजे न्यावेत.

प्रश्न : मी नायगावचा, वय २७, बौद्ध कुटुंबातला. बुद्धवंदना लहानपणापासून म्हणतो. शुकुबोतली प्रार्थना आमच्यासारखीच असते का? मी तिथे परका ठरेन का? आणि खर्च किती येतो?

उत्तर : परके ठरण्याचा प्रश्न नाही, कोणत्याही धर्माच्या आणि निधर्मी माणसालाही शुकुबोत घेतात, प्रार्थनेला बसायची सक्तीही नसते. पण जे ऐकू येईल ते आपल्या वंदनेपेक्षा बरेच निराळे असेल, याची तयारी ठेवावी. आपण त्रिशरण-पंचशील पालीत म्हणता. तिथे सूत्रे चिनी लिपीत लिहिलेली आणि जपानी उच्चारांत म्हटलेली असतात, आणि मध्यभागी बहुधा शाक्यमुनी, म्हणजे गौतम बुद्ध, नसून महावैरोचन हा बुद्ध असतो. मंत्र मात्र संस्कृतच. ‘ओन् आबोक्या बेइरोशानो’ असे कानावर पडले तर ते ‘ॐ अमोघ वैरोचन’ आहे हे ओळखावे. काही देवळांत सकाळी अग्नी पेटवून त्यात समिधा टाकतात. त्याला ते ‘गोमा’ म्हणतात, आणि तो शब्द ‘होम’ वरूनच आला आहे. बाबासाहेबांच्या मार्गाने आलेल्या आपल्याला हे कर्मकांड खटकण्याचा संभव आहे, आणि ते खटकण्यात गैर काही नाही. आपल्याला नुसते बसणेच हवे असेल तर फुकुई प्रांतातले एइहेइजी पाहावे. दोगेन या भिक्षूने १२४४ मध्ये स्थापन केलेले ते सोतो झेन पंथाचे मंदिर आहे. तिथे पाहुण्यांनाही भिंतीकडे तोंड करून बसवतात, पहाटे फार लवकर उठवतात, आणि ध्यानगृह, स्नानगृह व शौचालय या तीन जागी बोलायचे नाही असा तिथला जुना दंडक आहे. ‘झेन’ म्हणजे पालीतले आपले ‘झान’, संस्कृतातले ध्यान.

खर्चाचे म्हणाल, तर कोयासानवर दोन वेळच्या जेवणासह एका रात्रीचे माणशी साधारण १२ ते २० हजार येन पडतात, म्हणजे अंदाजे ७ ते १२ हजार रुपये. एकट्या माणसाला काही ठिकाणी जास्त आकार लावतात, काही ठिकाणी घेतच नाहीत. रोख रक्कम जवळ असावी. धम्मगिरीसारखे शेवटच्या दिवशी यथाशक्ती दान इथे नाही.

प्रश्न : जपानला जाणे परवडणार नाही. मुंबईत असे काही आहे का? (गिरगाव)

उत्तर : राहण्यासारखे जपानी देऊळ मुंबईत नाही. गोराईच्या पॅगोडाजवळ विपश्यनेची १० दिवसांची शिबिरे होतात, पण ती परंपरा ब्रह्मदेशातून आलेली. जपानी म्हणावे असे देऊळ वरळीला आहे, निप्पोन्झान म्योहोजी पंथाचे. त्याचे संस्थापक निचिदात्सु फुजी १९३१ साली भारतात आले आणि पुढे वर्ध्याला गांधीजींना भेटले. सेवाग्रामच्या प्रार्थनेत ‘नम म्योहो रेंगे क्यो’, म्हणजे सद्धर्मपुंडरीक सूत्राला नमन, आले ते त्यांच्यामुळे. इथे मौन मिळणार नाही, कारण या पंथात डोळे मिटून बसत नाहीत, चामड्याच्या ढोलावर टिपरू मारत तेच सात अक्षरांचे नाव घेत राहतात. सायंकाळच्या प्रार्थनेला जाऊन मागे बसावे. बाहेर सिग्नलवर हॉर्न वाजत असतात, आत ढोल. दहा-पंधरा मिनिटांनी त्यांतला एकच ऐकू येऊ लागतो.