अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या जगण्यावरच्या वेब सीरिजसाठी पैसा कसा उभा करायचा?

आधी दोन-तीन भाग स्वखर्चाने करून यूट्यूबवर टाका, मग पैसे मागा. अमेरिकन लेखिका-अभिनेत्री इसा रे यांच्या ‘ऑकवर्ड ब्लॅक गर्ल’ या वेब सीरिजचे भाग लोकांनी आधीच पाहिलेले होते, म्हणून २०११ मध्ये किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या वेबसाइटवर ५६ हजार डॉलरहून जास्त जमले. प्रेक्षक नसताना सुरू केलेली मोहीम ओळखीच्यांची यादी संपली की थंडावते.

किकस्टार्टरवर उद्दिष्ट गाठलं नाही तर एक डॉलरही मिळत नाही. सीड अँड स्पार्क या चित्रपट-सीरिजसाठीच्या तशाच वेबसाइटवर उद्दिष्टाच्या ८० टक्के जमले तरी रक्कम हाती येते. किकस्टार्टर ५ टक्के कापतं, पेमेंटचे ३ ते ५ टक्के वेगळे. शिवाय देणगीदारांना कबूल केलेल्या भेटवस्तूंची छपाई आणि टपाल! हा खर्च हमखास विसरला जातो. १० हजार हवे असतील तर १२ हजार मागा.

अनुदानासाठी ब्लॅक पब्लिक मीडिया पाहा. १९७९ मध्ये सुरू झालेली ही संस्था याच विषयांना पैसा देते. बरीच फाउंडेशन्स व्यक्तीला थेट निधी देत नाहीत. तिथे एखादी ना-नफा संस्था ‘फिस्कल स्पॉन्सर’ म्हणून, म्हणजे तुमच्या वतीने निधी स्वीकारायला लागते, आणि ती बहुधा त्यातले ५ ते १० टक्के ठेवते. अर्जाआधी कलाकारांचे करार आणि संगीताचे हक्क लेखी घ्या. नंतर सीरिज विकताना व्यवहार इथेच अडकतो.