लिव्हर ओढूनही पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडत नाही. स्क्रूड्रायव्हरने उचकटू का?

उचकटू नका. हातात घेतला असेल तर आधी खाली ठेवा.

तुम्ही लिहिलंय की लिव्हर ओढल्यावर मागून 'टक' असा आवाज येतो, पण झाकण जागचं हलत नाही. म्हणजे लिव्हर ठीक आहे, त्याची केबल ठीक आहे, आतली खिट्टीही सरकतेय. हटून बसलंय ते झाकण. एक तर बिजागरी गंजलीय, नाहीतर झाकणाला बाहेर ढकलणारी पत्ती दबून मेलीय. हे दोन माणसांचं काम आहे. एकाने आत बसून लिव्हर ओढायचा आणि धरून ठेवायचा. सोडायचा नाही. दुसऱ्याने झाकणावर तळहाताने दोनदा आत दाबायचं आणि नखाने किंवा जुन्या एटीएम कार्डाने कड उचलायची. उघडतं.

'धरून ठेवायचा' हे शब्द मी दोनदा वाचायला सांगेन, कारण आमच्या घरात गेली कित्येक वर्षं वाद आहे तो नेमका याच दोन शब्दांवर.

गोष्ट २०१८ ची. त्या वर्षी चतुर्थी १३ सप्टेंबरला होती. आम्ही ११ ला रात्री डोंबिवलीहून गुहागरकडे निघालो. गाडी मी चालवत होते, शेजारी नवरा, मागे सासूबाई, आमची मुलगी आणि दीर. गाडी सीएनजीवरची, गॅस भरायचं तोंड बॉनेटखाली. आता सीएनजीवाल्यांची गंमत बघा. रोजचं जाणंयेणं गॅसवर, पेट्रोल लागतं ते सकाळी गाडी सुरू होताना चमचाभर. त्यामुळे पेट्रोलचं झाकण दोन-दोन, तीन-तीन महिने कोणी उघडतच नाही. आमचं तर त्या वर्षी आख्खा पावसाळा बंद होतं. ज्यांच्याकडे सीएनजी आहे त्यांनी हे वाचून आत्ताच खाली जाऊन एकदा उघडझाप करून यावी. मी खरंच सांगतेय.

सिलिंडर निघतानाच फुल केला होता, पण तो म्हणायला साठ लिटरचा, आत गॅस जेमतेम आठ-नऊ किलो. गणपतीच्या गर्दीत पहिल्या-दुसऱ्या गिअरवर सरपटत जाताना तो कधी संपेल सांगता येत नाही, आणि त्या काळी कोकणाच्या वाटेवर पुढे गॅस मिळेलच याची खात्री नसायची. पेट्रोलचा काटा शेवटच्या रेघेवर. म्हणून माणगावच्या अलीकडे एका पंपावर गाडी घेतली. रात्रीचे दीड वाजलेले, पाऊस, मागे वीसएक गाड्यांची रांग, प्रत्येकाला पहाटेपर्यंत घर गाठायचंय.

मी लिव्हर ओढला. टक. झाकण बंद. पुन्हा ओढला. टक. बंद.

भाऊजी छत्री न घेताच उतरले. आमच्या भाऊजींचा स्वभाव असा की बरणीचं झाकण, शेजाऱ्याचं शटर, लग्नातली पत्रावळींची पेटी, काहीही अडलं की ते बाह्या सरसावतात. "जोर लावल्याशिवाय काही होत नाही" हे त्यांचं वाक्य आहे. डिकीतून त्यांनी स्क्रूड्रायव्हर काढला, झाकणाच्या फटीत घातला आणि मला म्हणाले, "वहिनी, तुम्ही लिव्हर सोडा. उगाच वायर तुटेल. मी बघतो."

मी सोडला. ही माझी चूक, ती मी कबूल करते. एवढीच.

कारण लिव्हर सोडला की खिट्टी स्प्रिंगने परत जागेवर येते आणि झाकणाच्या जिभेत अडकते. हेच तर त्या खिट्टीचं काम. एरवी आपण लिव्हर लगेच सोडतो तरी चालतं, कारण खिट्टी सरकल्या क्षणी पत्तीने झाकण बाहेर उडवलेलं असतं. पत्ती मेलेली किंवा बिजागरी धरलेली असली की झाकण तिथेच राहतं, आणि लिव्हर सोडताक्षणी पुन्हा कुलूप. म्हणजे भाऊजी भर पावसात दहा मिनिटं कडी लावलेला दरवाजा पहारीने उचकटत होते, आणि कडी त्यांनीच लावायला सांगितली होती.

पहिल्यांदा रंगाचा टवका उडाला. मग कड वाकली. मागचे हॉर्न वाजवायला लागले. सासूबाई आतून म्हणाल्या, "अरे, जरा देवाचं नाव घे." शेवटी पंपावरचा एक मुलगा आला, असेल वीस-बावीस वर्षांचा. त्याने भाऊजींना बाजूला व्हायला सांगितलं आणि काचेवर टकटक करून मला म्हणाला, "ताई, ओढा आणि धरून ठेवा." मी धरला. त्याने तळहाताच्या टाचेने दोन थापा मारल्या आणि नखाने कड उचलली. उघडलं. मी घड्याळ पाहिलं नाही, पण मला वाटतं तो आल्यापासून वीस सेकंदं झाली नसतील.

पेट्रोल तेव्हा नव्वदीच्या उंबरठ्यावर होतं, तरी टाकी फुल करायला सांगितली. ते झाकण दुसऱ्यांदा उघडायची कोणाची छाती नव्हती. आणि पुढे ते बंदही होईना, कारण जीभ वाकली होती. तांदळाच्या पोत्याला लावलेली खाकी टेप काढून झाकणावर चिकटवली आणि तसेच गेलो. जुना सतरा नंबरचा हायवे, आताचा सहासष्ट, त्याचे त्या वर्षीचे खड्डे तुम्हाला माहीत असतील. प्रत्येक खड्ड्याला मागे फडफड.

घरी पोचल्यावर अंगणात पाऊल ठेवायच्या आत भाऊजींनी काकांना सांगितलं, "वहिनींनी लिव्हर एवढा जोरात ओढला की झाकणच मोडलं." ते वाक्य तेव्हापासून दरवर्षी आरतीनंतर प्रसाद वाटताना निघतं. नव्या सुनांना, जावयांना, सगळ्यांना ही गोष्ट माहीत आहे. माझ्या बाजूची कोणाला माहीत नाही. म्हणून इथे लिहितेय.

पोचलो त्या दिवशी हरतालिका होती, उपास, म्हणून स्वयंपाकघरात मला फारसं काम नव्हतं. पुरुषमंडळी मखराला लागली होती. मी पडवीतल्या सासूबाईंच्या शिलाई मशीनच्या खणातून तेलाची चोच असलेली बाटली घेतली आणि गाडीपाशी स्टूल टाकून बसले. माझी आई ब्लाउज शिवायची, त्यामुळे मला लहानपणापासून एवढं कळतं की लोखंड अडतं तेव्हा त्याला तेल हवं असतं, ताकद नाही.

टेप काढून आत पाहिलं. बिजागरीच्या पिनेभोवती तांबडा भुगा, बोटाला लावला तर हळदी-कुंकवाच्या मधला रंग. ती पातळ लोखंडी पत्ती, करंगळीच्या नखाएवढी रुंद, गंजून चपटी बसली होती. आणि खरं कारण खाली होतं. टाकीच्या तोंडाभोवती जी खोलगट वाटी असते, तिच्या तळाला पाणी जायला एक बारीक भोक असतं. ते चिखलाने आणि एका कुजलेल्या पानाच्या देठाने गच्च बुजलेलं. आख्खा पावसाळा त्या वाटीत पाणी साचून होतं. बिजागरी गंजली नसती तरच नवल.

खराट्याचा एक हीर मोडून मी ते भोक मोकळं केलं. तांब्याभर पाणी ओतलं (टाकीचं आतलं फिरकीचं टोपण घट्ट लावून, हे सांगायला नको), ते खालून अंगणात टपटपलं. वाटी फडक्याने कोरडी केली. मग पिनेच्या दोन्ही टोकांना दोन-दोन थेंब तेल. दहा मिनिटं थांबले. झाकण हळूहळू पुढे-मागे, आधी करकर, मग कुरकुर, मग आवाज बंद. जे काळं-तांबडं तेल बाहेर आलं ते पुसलं आणि पुन्हा दोन थेंब. खिट्टीच्या टोकाला एक थेंब. पत्ती दोन बोटांनी जरा बाहेर वाकवली. वाकलेली जीभ काकांच्या पकडीने सरळ केली, पकडीच्या दातांत फडकं धरून. मग मुलीला आत बसवून लिव्हर ओढायला लावला. झाकण टणकन बाहेर आलं. ती एवढी खूश झाली की पंधरा-वीस वेळा ओढत बसली. भाऊजी मखराच्या तिथून बघत होते. काही बोलले नाहीत.

आणि तोच लिव्हर, तीच केबल, आजही त्या गाडीत आहे. मी ओढून तोडली असती तर लिव्हर ढिला पडला असता, हातात लुळा आला असता आणि 'टक' ऐकूच आला नसता. ज्यांना वाद घालायचाय त्यांनी येऊन ओढून बघावा.

तुमच्याकडे 'टक' येतोय, म्हणून तुम्हाला वरचंच लागू. 'टक' येत नसेल आणि लिव्हर लुळा असेल तर केबल निसटली किंवा तुटली. मग डिकीत, झाकण ज्या बाजूला आहे त्या बाजूचं अस्तर सोडवून आत हात घाला, केबलचं टोक सापडतं, ते हाताने ओढा. बऱ्याच गाड्यांत तिथे अडचणीसाठी वेगळी दोरीच दिलेली असते. लिव्हर दगडासारखा कडक असेल तर केबल तिच्या नळीत गंजलीय, ती बदला. ते मात्र गॅरेजवाल्याचं काम.

डब्ल्यूडी-४० चा निळा-पिवळा डबा लोक सुचवतील. वाईट नाही, गंज सोडवायला उत्तम. पण तो पटकन उडून जातो, त्यामुळे नंतर मशीनचं तेल किंवा बोटावर मावेल एवढं ग्रीस लागतंच. तेवढंच मारून सोडून दिलंत तर पुढच्या पावसाळ्यात पुन्हा इथेच प्रश्न विचाराल.

पंपावर कोणत्या बाजूला गाडी लावायची हे दर वेळी चुकतं, असंही तुम्ही विचारलंय. काट्याजवळ पंपाचं चित्र असतं, त्याच्या शेजारी बारीक त्रिकोणी बाण बघा. बाण ज्या बाजूला, झाकण त्या बाजूला. फोर्डमधल्या जिम मॉयलन नावाच्या इंजिनिअरने १९८६ साली पंपावर चुकीच्या बाजूने गाडी लावली, भर पावसात भिजला आणि परत येऊन साहेबांना ही सूचना लिहून दिली. १९८९ च्या गाड्यांत बाण आला. भिजलेला माणूस दोन गोष्टी करू शकतो: चिठ्ठी लिहू शकतो किंवा स्क्रूड्रायव्हर काढू शकतो.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या, त्या आता सांगते. आत नीट दिसावं म्हणून काडी किंवा लायटर पेटवू नका, मोबाइलची टॉर्च वापरा. तेल ओतू नका, थेंब म्हणजे थेंबच. आणि तुमच्या गाडीला लिव्हर आहे म्हणून हे सगळं लिहिलंय. हल्लीच्या कित्येक गाड्यांत लिव्हरच नसतो, झाकणाची कड दाबली की ते उघडतं आणि त्याचं कुलूप दरवाज्यांच्या लॉकबरोबर चालतं. तिथे आधी सगळे दरवाजे अनलॉक करून बघा. निम्म्या लोकांचं झाकण तेवढ्यानेच उघडतं आणि ते कोणाला सांगत नाहीत.

भाऊजी वाईट आहेत असं समजू नका. त्याच प्रवासात परतताना टायर पंक्चर झाला, तेव्हा चिखलात गुडघे टेकून त्यांनीच बदलला. तिथे जोर लागतो.

खर्च किती येईल, हे मला सांगता येणार नाही, माझा दोन थेंब तेलाचा आला. टवका उडालेल्या जागी गंज चढू नये म्हणून मी बिनरंगी नेलपॉलिश लावते, दर चतुर्थीच्या आधी एक हात. नवरा म्हणतो, एकदाचं पेंटरकडे नेऊन रंग मारून टाकू. मी मारू देत नाही. स्क्रूड्रायव्हरच्या टोकाची खूण त्यात अजून स्पष्ट दिसते.