वस्तऱ्याची दाढी परवडेल का?

प्रश्न: निवृत्तीनंतर घरीच वस्तऱ्याने दाढी करण्याचा विचार आहे. कार्ट्रिजच्या रेझरवरील खर्च त्यामुळे वाचेल का? (एक वाचक, सातारा)

उत्तर: केवळ पैसे वाचवण्याचा हेतू असेल, तर वस्तरा घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. चांगल्या पोलादाचा वस्तरा पिढ्यान्‌पिढ्या टिकतो हे खरे. परंतु त्याच्यासोबत चामड्याचा पट्टा आणि धार लावण्याचे बारीक दगड घ्यावे लागतात, आणि नवशिक्याच्या हातून पहिल्या पट्ट्यावर चिरा पडतातच. प्रत्येक दाढीपूर्वी पाते, त्याची पाठ पुढे ठेवून, पट्ट्यावर अनेकदा फिरवावे लागते. दाढीनंतर ते कोरडे पुसून त्याला तेलाचा हात द्यावा लागतो, नाहीतर साताऱ्याच्या पावसाळी हवेत कार्बन पोलाद लगेच गंजते. पाते त्वचेशी सुमारे 30 अंशांत धरणे आणि दुसऱ्या हाताने कातडी ताणणे अंगवळणी पडेपर्यंत काही महिने सहज जातात. हात थरथरत असेल किंवा रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, तर हा नाद सोडावा.

सलूनमधील वस्तऱ्यावरून मात्र अंदाज बांधू नका. त्यात बहुधा अर्धे ब्लेड बसवून दर गिऱ्हाईकाला बदलतात, त्यामुळे धार लावण्याचा प्रश्नच येत नाही.

खर्च कमी करायचा असल्यास जिलेटने 1903 मध्ये विक्रीस आणलेल्या प्रकारचा, दुधारी ब्लेडचा सेफ्टी रेझर घ्यावा. सकाळची वीस मिनिटे निवांत घालवण्याचीच हौस असेल, तर वस्तरा अवश्य घ्या; सुरुवात गालांपासून करा, हनुवटी नंतर.